बीपी-शुगरची तपासणी व्हिडिओ कॉलवर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

महासाथीच्या सुरुवातीला दवाखान्यात जाणं अवघड झालं, तेव्हा सर्वांत आधी मागे पडली ती जुनाट आजारांची नेहमीची तपासणी. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये १५५ देशांकडून माहिती घेतली. उच्च रक्तदाबाचे उपचार ५३ टक्के देशांत आणि मधुमेहाचे ४९ टक्के देशांत अंशतः किंवा पूर्ण विस्कळीत झाल्याचं त्यात दिसलं. फोनवरून तपासणी तेव्हा नाइलाज म्हणून आली. मे २०२३ मध्ये संघटनेने जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण फोनवरची तपासणी राहिली.

तिच्याबरोबर त्या दिवसांतल्या सवयीही राहिल्या. "डॉक्टर, त्याच गोळ्या चालू ठेवू ना?" "हो, ठेवा." एवढ्यावर कॉल संपतो आणि त्याला फॉलो-अप म्हटलं जातं. अशाने वर्षभर आकडे न बघता गोळ्या चालू राहतात. दवाखान्यात नर्स बीपी घेते, वजन करते, डॉक्टर पायावर बोट दाबून सूज बघतात. व्हिडिओवर यातलं काहीच आपोआप होत नाही. ती कामं घरी कुणीतरी करावी लागतात आणि त्यातली बरीचशी कॉलच्या आठवडाभर आधी.

कशासाठी फोन, कशासाठी दवाखाना

निदान झालेलं आहे, गोळ्या ठरलेल्या आहेत, आकडे बघून डोस वर-खाली करायचा आहे, नव्या गोळीचा त्रास होतोय का ते विचारायचं आहे, रक्ताचे रिपोर्ट दाखवायचे आहेत: हे सगळं व्हिडिओवर नीट होतं. शक्य असेल तर नव्या डॉक्टरांची पहिली भेट मात्र समोरासमोर घ्यावी. एकदा छाती ऐकलेली, पाय तपासलेले, जुनी फाइल चाळलेली असली की पुढचे कॉल सोपे जातात.

पायावर जखम, नव्याने आलेली सूज, नजर अंधुक होणं, कारण नसताना वजन उतरणं, यांसाठी प्रत्यक्षच जावं. अशा वेळी कॉलचा उपयोग एवढाच, की किती लवकर जायचं हे ठरतं.

काही गोष्टींसाठी कॉलची वाट बघायचीच नाही. छातीत दाब किंवा कळ, अचानक धाप, तोंड एका बाजूला वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, शुद्ध हरपणं: थेट आणीबाणीची सेवा बोलवा. बीपी १८० वर १२० किंवा त्याहून जास्त आलं आणि सोबत छातीत दुखणं, दम लागणं, तीव्र डोकेदुखी किंवा दिसण्यात फरक असेल तरीही तेच. असा कोणताही त्रास नसेल तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पुढच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट यासाठी चालत नाही.

घरात काय हवं

दंडावर बांधायचं स्वयंचलित बीपी यंत्र, ग्लुकोमीटर आणि त्याच्या पट्ट्या, अंकी वजनकाटा, थर्मामीटर. दम्याच्या रुग्णाकडे पीक फ्लो मीटर, म्हणजे जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजणारी नळी. ऑक्सिमीटर महासाथीत घरोघरी आलाच आहे, पण बीपी-शुगरच्या रुग्णाला त्याचा रोज उपयोग नाही. सीओपीडी किंवा फुप्फुसाचा दुसरा आजार असेल तर आहे.

बीपी यंत्र घेताना प्रमाणित यंत्रांच्या यादीत मॉडेल आहे का ते बघा. 'स्ट्राइड बीपी' या संकेतस्थळावर अशी यादी मोफत मिळते. मनगटाची यंत्रं टाळलेली बरी. मनगट हृदयाच्या पातळीवर धरलं नाही तर आकडा सरकतो, आणि बहुतेक जण ते मांडीवर ठेवूनच मोजतात.

यंत्रापेक्षा जास्त चुका कफमध्ये, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या फुगणाऱ्या पट्ट्यात होतात. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा आणि कफवर छापलेल्या सेंटिमीटरच्या पट्ट्यात तो बसतो का ते बघा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, ज्यांना सर्वांत मोठा कफ लागतो अशांचं बीपी नेहमीच्या मापाच्या कफने घेतलं तेव्हा वरचा आकडा सरासरी १९.५ ने जास्त आला. म्हणजे यंत्र उत्तम, माणूस तोच, आणि केवळ कफ घट्ट म्हणून एक जादा गोळी सुरू होऊ शकते. दंड जाड असेल तर मोठा कफ वेगळा विकत घ्या. तो त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलला चालणारा हवा.

नवं यंत्र घेतलं की एकदा दवाखान्यात सोबत न्यावं आणि तिथल्या यंत्राशी ताडून घ्यावं. वर्षातून एकदा पुन्हा.

आठवडाभर आधी: बीपी

कॉलच्या दिवशी सकाळी एकदा मोजून सांगितलेल्या आकड्यावर डॉक्टरांना फारसं काही करता येत नाही. रक्तदाब दिवसभर हलत असतो. सात दिवसांची नोंद हवी.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीला पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. ही पाच मिनिटं सगळेच गाळतात. बाही वर सरकवल्याने दंडावर आवळपट्टी होत असेल तर हात बाहीतून बाहेरच काढा. कफची खालची कड कोपराच्या खळीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर, नळी हाताच्या आतल्या बाजूने खाली येणारी, कफखाली दोन बोटं जेमतेम जातील इतका घट्ट. हात टेबलावर असा ठेवा की कफ छातीच्या मधल्या उंचीला येईल. टेबल ठेंगणं असेल तर हाताखाली उशी घ्या. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा जास्त येतो. यंत्र फुगत असताना बोलू नका. नुसत्या बोलण्यानेही वरचा आकडा दहाएक अंकांनी चढू शकतो, आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी "किती आलं?" विचारतं.

एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. सकाळी औषध घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस. एकूण २८ नोंदी होतात. पहिल्या दिवसाच्या चार सोडून द्या आणि उरलेल्या २४ ची सरासरी काढा. वरच्या आकड्याची वेगळी, खालच्याची वेगळी. घरच्या मोजणीत सरासरी १३५ वर ८५ किंवा जास्त असेल तर ती दवाखान्यातल्या १४० वर ९० च्या बरोबरीची धरतात. तुमचं लक्ष्य याहून खालचं असू शकतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आकडा जास्त आला म्हणून "हा चुकीचा असेल" असं म्हणत चार वेळा मोजून सर्वांत कमी आलेला वहीत लिहायचा, हा प्रकार फार चालतो. त्यापेक्षा यंत्रातली मेमरी उघडून पडद्याचे फोटो पाठवा. मेमरीत दोन वापरकर्त्यांची सोय असेल तर नवरा-बायकोने आपापलं बटण ठरवून घ्यावं, नाहीतर दोघांचे आकडे एकात मिसळतात.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल किंवा वय जास्त असेल तर आणखी एक मोजणी करा: आधी बसून, मग उभं राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ते कॉलमध्ये सर्वांत आधी सांगा. अशा माणसाचा डोस बसलेल्या आकड्यावर वाढवला तर तो न्हाणीघरात पडतो. या मोजणीच्या वेळी शेजारी कुणीतरी उभं असावं. नाडी अनियमित असलेल्यांनी, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांनी, दोनऐवजी तीन वेळा मोजावं, कारण ठोके विषम असले की स्वयंचलित यंत्राचे आकडेही विखुरतात.

शुगर

साबणाने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर शुगर खोटीच चढलेली दिसते, आणि ओल्या बोटावर थेंब पातळ होऊन ती खोटीच उतरते. बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. थेंब पिळून पिळून काढू नका. हात खाली सोडून झटकला की रक्त येतं. पट्ट्यांची डबी वापरून झाली की लगेच बंद करा. दमट हवेत उघड्या राहिलेल्या पट्ट्या मुदतीच्या आतही बिघडतात. पट्ट्या दुसऱ्या डबीत ओतून ठेवू नका.

यंत्राची अचूकता किती धरायची? आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्याहून जास्त शुगरला ९५ टक्के वेळा आकडा प्रयोगशाळेच्या १५ टक्के आत असला की यंत्र पास होतं. खरी शुगर २०० असेल तर १७० ते २३० यातलं काहीही दिसू शकतं आणि यंत्र तरीही ठीकच असतं. म्हणून एका यंत्रावर १६२ आणि दुसऱ्यावर १७५ आल्याने घाबरायचं कारण नाही. कॉलच्या आधीच्या दिवसांत एकच यंत्र वापरा, म्हणजे झालं.

कधी मोजायचं, हे उपचारांवर ठरतं. फक्त गोळ्या चालू असतील तर कॉलच्या आधीचे तीन दिवस सात वेळा मोजलेली शुगर पुरते: तिन्ही जेवणांच्या आधी, प्रत्येक जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे. या २१ आकड्यांतून जे कळतं ते महिनाभर रोज घेतलेल्या उपाशीपोटीच्या शुगरमधून कळत नाही. उपाशीपोटीची चांगली आणि जेवणानंतरची चढलेली, हे चित्र फार जणांत असतं आणि तेच लपून राहतं. इन्सुलिनवाल्यांना रोजच मोजावं लागतं. त्यांनी आकड्यासमोर युनिटही लिहावेत. इन्सुलिन किती घेतलं हे माहीत नसेल तर नुसत्या आकड्यांवर डोस बदलता येत नाही.

गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी सर्वसाधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांनी १८० च्या आत. वृद्ध, एकटे राहणारे, वारंवार शुगर उतरणारे, यांना डॉक्टर सैल लक्ष्य देतात आणि ते बरोबरच आहे. इथले शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत; तुमचं यंत्र मिलीमोलमध्ये आकडा दाखवत असेल तर १८ ने गुणा.

शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून ७० च्या खाली असेल तर तेच परत करा. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज गोळी चालू असणाऱ्यांनी साखर नाही, ग्लुकोजच घ्यावं, कारण ही गोळी साखरेचं पचन अडवते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. शुगर उतरल्याची प्रत्येक वेळ तारीख आणि तासासह लिहा. ५४ च्या खाली गेली असेल तर ठरलेल्या कॉलची वाट न बघता त्याच दिवशी कळवा.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ताबा नसेल किंवा उपचार बदलले असतील तर दर तीन महिन्यांनी, स्थिर असेल तर सहा महिन्यांनी. ॲनिमिया असेल किंवा अलीकडे रक्त चढवलं असेल तर हा आकडा फसवतो. घरची शुगर आणि रिपोर्ट जुळत नसतील तर हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

इतर आजारांत काय मोजायचं

हृदय कमजोर असेल तर सर्वांत महत्त्वाचं यंत्र वजनकाटा. रोज सकाळी, लघवी करून, खाण्याआधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, काटा कडक जमिनीवर ठेवून. तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. दम लागण्याच्या आधीच ते काट्यावर दिसतं, आणि लगेच फोन केला तर अनेकदा लघवी होण्याच्या गोळीचा डोस वाढवून भागतं. सूज दाखवताना कॅमेरा नडगीवर धरा, अंगठ्याने हाडावर दहा सेकंद दाबा आणि अंगठा उचला. खड्डा किती वेळ राहतो ते डॉक्टरांना पडद्यावर दिसतं.

दम्यात पीक फ्लो उभं राहून तीनदा फुंकायचा आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. तब्येत चांगली असताना दोन-तीन आठवडे मोजून आपला सर्वोत्तम आकडा ठरवा. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर हिरवा पट्टा, ५० ते ८० पिवळा, ५० च्या खाली लाल. पिवळ्यात काय घ्यायचं हे लेखी हवं. लाल म्हणजे आराम देणारा पंप घ्यायचा आणि तातडीने वैद्यकीय मदत.

पंप घेण्याची पद्धत तपासायला व्हिडिओ दवाखान्यापेक्षा सरस आहे, कारण घरातला पंप, घरातला स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) आणि घरातली चूक, तिन्ही समोर असतात. कॉलमध्ये एक डोस प्रत्यक्ष घेऊन दाखवा. दाबायच्या पंपात आधी हलवणं, श्वास पूर्ण सोडणं, ओठ घट्ट मिटणं, सावकाश आत ओढायला लागताच दाबणं आणि दहा सेकंद श्वास धरणं. पावडरच्या पंपात उलट, श्वास जोरात आणि खोल ओढायचा. दोन प्रकारचे पंप असले की लोक दोन्ही एकाच पद्धतीने घेतात. मग औषध घशातच राहतं आणि "गुण येत नाही" म्हणून डोस वाढतो. स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची.

ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश काढा, बोटं गार असतील तर चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. गडद वर्णाच्या त्वचेवर ही यंत्रं खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतात. त्यामुळे दम लागतोय आणि आकडा छान आहे, अशा वेळी विश्वास दमावर ठेवा. सीओपीडीच्या काही रुग्णांसाठी ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. तुमचं किती, ते विचारून ठेवा.

थायरॉइडमध्ये घरी मोजण्यासारखं फार नाही. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही रक्ततपासणी, त्याआधी करून पैसे वाया. गोळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी, आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीपासून चार तास लांब.

गोळ्यांचा हिशेब

कॉलच्या आदल्या दिवशी घरातल्या सगळ्या गोळ्या एका टेबलावर काढा. उशाखालच्या, पर्समधल्या, फ्रिजमधल्या, मागच्या दुखण्यातल्या उरलेल्या, आणि "ते काही औषध नाही, नुसती पावडर आहे" म्हणतात ते चूर्णसुद्धा. प्रत्येक पाकिटाचा असा फोटो घ्या की त्यावर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम वाचता येतील. गोळ्या कोपऱ्यापासून फोडत गेलं की नेमकी छापील बाजू फाटते, म्हणून नवं पाकीट आलं की त्याच दिवशी फोटो काढून ठेवलेला बरा.

आता मूळ नावं शेजारी शेजारी ठेवून वाचा. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या कंपन्यांची टेलमिसार्टन ही बीपीची गोळी लिहिलेली असते आणि माणूस दोन्ही घेत असतो. मधुमेहाच्या तिहेरी (तीन औषधं एकत्र असलेल्या) गोळीत मेटफॉर्मिन आहेच आणि वर सुटी मेटफॉर्मिनही चालू आहे, हेही सापडतं. दवाखान्यात हे निसटतं, कारण तिथे माणूस चिठ्ठी घेऊन जातो, गोळ्या घेऊन नाही. अंगदुखीच्या गोळ्या वेगळ्या काढा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या बीपी चढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. बीपीची गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना तर जास्तच.

शेवटी मोजणी: एखादी गोळी महिन्याला ३० लागायला हव्यात आणि दहा उरल्यात, तर दहा दिवस चुकले आहेत. हे लपवू नका. डॉक्टरांना वाटतं गोळी पुरत नाही, ते दुसरी जोडतात, आणि मग एखाद्या शहाण्या महिन्यात दोन्ही नियमित घेतल्या की बीपी धाडकन उतरतं.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी टोचायच्या जागा हाताने चाचपाव्यात. गाठीसारखं जाड लागत असेल तर तिथे टोचणं थांबवायचं, कारण गाठीतून इन्सुलिन कधी जास्त तर कधी कमी शोषलं जातं. पण नव्या जागी तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर घसरते. तेव्हा जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

एक पान, त्याहून जास्त नाही

कॉलच्या आदल्या दिवशी हे पाठवा. नमुना असा:

"वय ६२, मधुमेह १४ वर्षं, बीपी ९ वर्षं. बीपी सरासरी ६ दिवसांची १४२ वर ८४, नाडी ७६. शुगर उपाशीपोटी ११८ ते १३१, रात्रीच्या जेवणानंतर २१० ते २४०. एकदा ६४ झाली, मंगळवारी सायंकाळी ५ वाजता, जेवण चुकलं होतं. वजन ७४, तीन महिन्यांपूर्वी ७६. गोळ्या सोबतच्या फोटोंत. संध्याकाळची गोळी आठवड्यातून दोनदा राहते. प्रश्न: १) रात्रीची शुगर, २) पाय रात्री जळजळतात, ३) पुढच्या रक्ताच्या तपासण्या."

रिपोर्ट पाठवताना सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये, सरळ धरून, आणि फाइलला तारखेचं नाव द्या. तिरके-पुसट बारा फोटो आले की डॉक्टर पहिले दोन बघतात. प्रश्न तीनच ठेवा, सर्वांत अवघड पहिला. "जाता जाता एक विचारायचं होतं" म्हणून छातीतली कळ शेवटच्या मिनिटाला निघते, तशी निघू देऊ नका.

प्रत्यक्ष कॉल

दहा मिनिटं आधी लिंक उघडून माइक-कॅमेरा बघा. उजेड समोरून हवा. खिडकी पाठीमागे असली की चेहऱ्याची नुसती सावली दिसते आणि डोळ्यांचा पांढुरकेपणा, ओठांचा निळसरपणा काहीच कळत नाही. फोन टेकवून ठेवा, हातात धरू नका. बीपी यंत्र, पंप, वही, पेन हाताशी. कॉल तुटला तर कुणी कुणाला फोन करायचा, हे पहिल्या मिनिटात ठरवा. चित्र अडकत असेल तर व्हिडिओ बंद करून आवाज चालू ठेवा. आकडे आधीच पोचलेले असतील तर नुसत्या आवाजावरही बरंच काम होतं.

रुग्ण स्वतः पडद्यासमोर हवा. वडील आतल्या खोलीत आणि मुलगा दुसऱ्या शहरातून त्यांच्या वतीने बोलतोय, अशा कॉलमध्ये डॉक्टरांना काहीच दिसत नाही. मुलाला तिसरा म्हणून जोडून घ्या, पण आधी वडिलांना बोलू द्या. ऐकू कमी येत असेल तर हेडफोन लावा आणि महत्त्वाचं लेखी मागून घ्या. खोलीत आणखी कोण आहे हे दोन्ही बाजूंनी सांगितलेलं बरं. काही गोष्टी सुनेसमोर किंवा मुलासमोर निघत नाहीत, आणि लैंगिक तक्रारी मधुमेहात व बीपीच्या काही गोळ्यांनी होतात.

फोन ठेवण्याआधी स्वतः वाचून दाखवा: कोणती गोळी बंद, कोणती नवी, किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, पुढची तपासणी कधी, आणि काय झालं तर लगेच फोन करायचा. "अर्धी" आणि "अडीच" फोनवर सारखे ऐकू येऊ शकतात, म्हणून मिलिग्रॅमचा आकडा उच्चारून घ्या. प्रिस्क्रिप्शन हातात आलं की ते या टिपणाशी ताडून बघा. चूक असेल तर औषध आणण्याआधी कळवा. काही नियंत्रित औषधं अनेक देशांत ऑनलाइन लिहून देता येत नाहीत. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, त्यासाठी भेट ठरवा.

कॉलनंतर बंद झालेल्या गोळ्या त्याच दिवशी डब्यातून काढून टाका. हे राहिलं तर महिनाभर जुनी आणि नवी दोन्ही पोटात जातात. बीपीसाठी एसीई इन्हिबिटर किंवा सार्टन गटाची गोळी (मूळ नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन') सुरू झाली किंवा वाढली, तर साधारण एक ते दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम बघतात. फोनवरच्या कॉलमध्ये ही तपासणी सांगायची राहून जाते, म्हणून तुम्हीच विचारा.

आणखी एक गोष्ट या कॉलमध्येच लिहून घ्या: उलट्या-जुलाब झाले, खाणं बंद झालं, तर काय करायचं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना मेटफॉर्मिन, ग्लिफ्लोझिन गटाच्या (साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या) गोळ्या, लघवीची गोळी आणि बीपीच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागू शकतात. इन्सुलिन मात्र, विशेषतः टाइप १ मध्ये, पूर्ण बंद करायचं नसतं. यातलं तुम्हाला कोणतं लागू, हे तब्येत चांगली असताना ठरवून औषधांच्या डब्याच्या झाकणावर चिकटवा. रात्री दोन वाजता उलट्या होत असताना हे ठरत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेल्या, स्थिर माणसाला वर्षात चार भेटी पुरतात: दोन व्हिडिओवर, दोन प्रत्यक्ष, आलटून पालटून. प्रत्यक्ष भेटी वाया घालवू नका. ज्या गोष्टी पडद्यावर होत नाहीत त्या सगळ्या त्या दिवशी एकत्र करा. बाहुली मोठी करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, तळपायाला दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवून संवेदना, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, लिपिड, दातांची तपासणी, राहिलेल्या लसी. महासाथीत आकडे फोनवर बघितले गेले, पण डोळे आणि पाय दोन-दोन वर्षं कुणी बघितले नाहीत, असे रुग्ण पुष्कळ आहेत. डोळ्यांच्या तपासणीला जाताना सोबत कुणी तरी न्या, थेंबांमुळे काही तास नीट दिसत नाही. शेवटची कधी झाली ते आठवत नसेल तर पहिल्या व्हिडिओ कॉलच्या आधीच तिची तारीख घ्या.